रणगाड्याची प्रतिकृति : प्रमाण, चाल आणि बारकावे

दिवाळीच्या सुटींत आपल्याकडील मुलें अंगणांत मातीचा किल्ला रचतात. दगड, विटा व चिखल यांचा डोंगर उभा राहतो, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवितात, आणि अखेरीस बाजारांतून आणलेले मातीचे मावळे तटावर उभे करतात. किल्ला कितीही सुबक झाला, तरी एक गोष्ट सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं : तटावरील मावळा महादरवाजाहून उंच असतो, आणि पायथ्याशीं चरणारी गाय तोफेहून लहान असते. किल्ल्याच्या खेळांत ह्या विसंगतीनें कांहीं बिघडत नाहीं. कारण तेथें प्रत्येक वस्तु ही केवळ खूण आहे. खूण ओळखूं आली म्हणजे तिचें काम झालें. परंतु जिला प्रतिकृति म्हणावयाचें, तिची गोष्ट निराळी. प्रतिकृतीनें मूळ वस्तूविषयीं खरें तेंच सांगितलें पाहिजे.

हें खरें सांगणें किती कष्टाचें आणि किती बोधप्रद असतें, हें एका उदाहरणानें पाहूं. बिनतारी आज्ञेनें दुरून चालविण्याजोग्या मोठ्या रणगाड्यांच्या प्रतिकृती घडविण्याचा छंद जपान, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादि देशांत बराच रुजलेला आहे. इ. स. १९७४ मध्यें जपानमधील तामिया कंपनीनें अमेरिकन शेरमन रणगाड्याची अशी एक प्रतिकृति एकास सोळा ह्या प्रमाणांत काढली, आणि तें प्रमाण ह्या छंदांत आज फार रूढ आहे. आपणही उदाहरणादाखल शेरमनच घेऊं.

शेरमन हा मध्यम वजनाचा रणगाडा. त्याचें उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्यें सुरू होऊन १९४५ पर्यंत चाललें, आणि तेवढ्या काळांत सर्व प्रकार मिळून ४९,००० हून अधिक गाडे बाहेर पडले. ऑक्टोबर १९४२ मध्यें एल-अलामीन येथें ब्रिटिश फौजांनीं तो प्रथम रणांगणावर आणला. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें ब्रह्मदेशांतील मेक्टिलाच्या लढाईंत हिंदी सैन्यांतील प्रोबिन्स हॉर्स व रॉयल डेक्कन हॉर्स हे रिसाले शेरमन घेऊनच लढले. आणि डेक्कन हॉर्सचे शेरमन सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील असल उत्तर येथेंही लढले. म्हणजे हा गाडा परदेशीं घडला असला, तरी आपल्या इतिहासाला तो परका नाहीं. त्यांत पांच माणसें बसत : बुरुजांत नायक, गोलंदाज व तोफ भरणारा; पुढें धडांत चालक व त्याचा सहायक. ह्या पांच माणसांची आठवण वाचकानें लेखाच्या शेवटपर्यंत जवळ ठेवावी.

१. प्रमाणाचा हिशेब

एकास सोळा म्हणजे मूळ वस्तूंतील प्रत्येक लांबीस सोळानें भागणें. शेरमनच्या एम-४ ह्या प्रकाराची लांबी सुमारें ५.८९ मीटर, रुंदी २.६२ मीटर व उंची २.७४ मीटर, म्हणून प्रतिकृति ३६.८ सेंटिमीटर लांब, १६.४ सेंटिमीटर रुंद व १७.१ सेंटिमीटर उंच झाली पाहिजे. समोरचें ५१ मिलिमीटर जाडीचें कवच ३.२ मिलिमीटर होतें, आणि ७५ मिलिमीटर व्यासाच्या तोफेचें तोंड ४.७ मिलिमीटर. येथवर हें काम तिसरी-चौथींतील भागाकाराचें आहे.

खरी अडचण पुढें येते. लांबी सोळापट कमी झाली म्हणजे पृष्ठफळ सोळांच्या वर्गानें, म्हणजे २५६ पटीनें, आणि घनफळ सोळांच्या घनानें, म्हणजे ४०९६ पटीनें कमी होतें. लांबी, पृष्ठफळ व घनफळ हीं सारख्या पटीनें वाढत नाहींत, आणि म्हणून मोठें यंत्र हें लहान यंत्राची केवळ वाढविलेली आवृत्ति असूं शकत नाहीं, हें गॅलिलिओनें १६३८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. तोच न्याय उलट दिशेनेंही लागू आहे. मूळ गाड्याचें वजन सुमारें ३०,३०० किलोग्रॅम. त्यास ४०९६ नें भागलें असतां ७.४ किलोग्रॅम येतात. प्लॅस्टिकची प्रतिकृति ह्याहून बरीच हलकी भरते, आणि म्हणूनच ती जमिनीवर रिकाम्या डब्यासारखी उडते. तिच्या तळाशीं शिशाचे तुकडे बसवून वजन वाढवितां येतें. मात्र मग आंतील दांतेरी चाकें प्लॅस्टिकचीं चालत नाहींत, तीं धातूचींच घ्यावीं लागतात. ह्याच रणगाड्याची प्रतिकृति कोणी एकास सहा प्रमाणांत केली, तर ती सुमारें ९८ सेंटिमीटर लांब आणि पूर्ण वजनाची केल्यास १४० किलोग्रॅम भरेल. ती उचलण्यास दोन माणसें अपुरीं पडतील. प्रमाण निवडणें म्हणजे नुसता आकार निवडणें नव्हे, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

आणखी एक चमत्कार पाहा. मूळ गाड्याचा भार पट्ट्यांखालील जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम पडतो. प्रतिकृतीचें वजन घनाच्या हिशेबानें व पट्ट्यांचें क्षेत्र वर्गाच्या हिशेबानें घटल्यामुळें तिचा भार त्याच्या सोळाव्या हिश्श्याइतका, म्हणजे अवघा साठ ग्रॅमच्या आसपास राहतो. ज्या चिखलांत खरा रणगाडा पोटापर्यंत रुतून बसला असता, तेथून लहान गाडा पाय न माखतां निघून जातो. पाहणारास तो पराक्रम वाटतो. हिशेब करणारास ती केवळ प्रमाणाची लबाडी दिसते.

तिसरी गोष्ट झोक्याची. लंबकाची लांबी सोळापट कमी केली असतां त्याच्या आंदोलनास लागणारा काळ चौपट कमी होतो. स्प्रिंगांवर बसलेल्या गाड्याचेंही तसेंच आहे. खरा रणगाडा थांबतांना नाक खालीं घालून सावकाश डोलतो. प्रतिकृति त्याच्या चौपट जलद डोलते आणि खेळण्यासारखी दिसूं लागते. सृष्टीचा हा नियम कोणालाही मोडतां येत नाहीं. त्यावर उपाय एकच : गाडा हळू सुरू करावा, हळू थांबवावा, आणि त्याला झटका बसूंच देऊं नये.

२. चाल

खऱ्या शेरमनचा रस्त्यावरील वेग ताशीं सुमारें ४० किलोमीटर. सोळानें भागल्यास ताशीं अडीच किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें ०.७ मीटर. मनुष्य सहज चालतो त्याच्या निम्मा हा वेग. बाजारांत मिळणारे पुष्कळ गाडे ह्याहून कितीतरी जलद पळतात, आणि जेवढे जलद पळतात तेवढे खोटे दिसतात.

आतां हा वेग दांत्यांच्या हिशेबानें कसा साधावयाचा तें पाहूं. शेरमनचा पट्टा पुढील दांतेरी चाकानें ओढला जातो. त्या चाकास १३ दांते असून पट्ट्याच्या एका कडीची लांबी सहा इंच, म्हणजे १५२ मिलिमीटर असते. प्रतिकृतींत ती ९.५ मिलिमीटर होते. चाकाच्या एका फेऱ्यांत १३ कड्या, म्हणजे सुमारें १२४ मिलिमीटर पट्टा पुढें सरकतो. सेकंदास ७०० मिलिमीटर अंतर तोडावयाचें तर चाकानें सेकंदास सुमारें साडेपांच, म्हणजे मिनिटास सुमारें ३४० फेरे घेतले पाहिजेत. लहान विजेची मोटर भार असतां मिनिटास १२,००० फेरे घेते असें धरलें, तर वेग पस्तीसपट कमी करावा लागेल. बारा दांत्यांच्या चाकानें चाळीस दांत्यांचें चाक फिरविलें असतां वेग तीन पूर्णांक एक तृतीयांश पटीनें कमी होतो. अशा तीन जोड्या एकापुढें एक लावल्या म्हणजे सदतीसपट घट मिळते. इतकें आपणांस पुरें आहे. ह्यांत लाभ असा कीं, जेवढा वेग घटतो तेवढा जोर वाढतो, आणि जड गाडा सावकाश चढ चढूं लागतो.

वळणाचा प्रश्न ह्याहून मनोरंजक आहे. प्रतिकृतींत दोन पट्ट्यांना दोन स्वतंत्र मोटरी असतात. एक पुढें व दुसरी मागें फिरविली कीं गाडा जागच्या जागीं भोवऱ्यासारखा गरकन् फिरतो. मुलांना हें फार आवडतें. परंतु शेरमनला तें मुळींच येत नसे! त्याला एकच इंजिन. आणि दोन्ही पट्ट्यांना शक्ति वांटून देणारी दांत्यांची जोडणी अशी होती कीं, चालकानें एका बाजूची दांडी ओढली म्हणजे त्या बाजूचा पट्टा मंद होई व पलीकडचा तितकाच जलद होई. गाडा चालत असतांना आंतील पट्टा अजिबात थांबत नसे. त्यामुळें शेरमनला वळण्यास सुमारें १९ मीटर व्यासाचें वर्तुळ लागे. प्रतिकृतींत तें १.२ मीटरचें होतें. दोन पट्ट्यांमधील अंतर ध्यानांत घेऊन हिशेब केला, तर सर्वांत लहान वळणावरही आंतील पट्ट्याचा वेग बाहेरच्या पट्ट्याच्या सुमारें चारपंचमांश असतो. म्हणजे बाहेरील पट्टा ५० च्या वेगानें चालत असेल, तर आंतील पट्टा ४० च्या खालीं जाऊं देतां कामा नये.

येथें एक विचार मनांत बाळगण्यासारखा आहे. यंत्राला जें जें करतां येतें तें तें सर्व त्याच्याकडून करविणें, ही प्रतिकृति नव्हे. मूळ गाड्याला जें येत नव्हतें, तें प्रतिकृतीलाही येऊं न देणें, हें कुशल कारागिराचें पहिलें लक्षण आहे. बुरुजाचेंही तसेंच. शेरमनचा बुरूज यंत्रशक्तीनें पूर्ण फिरण्यास सुमारें पंधरा सेकंद लागत, आणि तोफ आडव्या रेषेच्या वर २५ अंश व खालीं १० अंश एवढीच हलत असे. लहान बुरुजासही पंधरा सेकंदच द्यावेत. कारण लांबीचें प्रमाण कमी केलें तरी पाहणाराच्या घड्याळांतील सेकंद लहान झालेला नसतो.

३. बिनतारी आज्ञा

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना नवी नाहीं. इ. स. १८९८ मध्यें निकोला टेस्ला ह्या संशोधकानें न्यू यॉर्क येथें पाण्याच्या एका हौदांत लहानशी नाव बिनतारी लहरींच्या आज्ञेनें चालवून दाखविली, आणि त्याच वर्षीं तिचें पेटंट घेतलें. आजचा रणगाडा त्याच नावेचा वंशज आहे.

चालविणाराच्या हातांत प्रेषक असतो व गाड्यांत ग्राहक. पूर्वी ह्या कामीं सेकंदास दोन कोटि सत्तर लक्ष कंपनांच्या लहरी पुष्कळदां वापरीत. लहरींचा वेग सेकंदास तीस कोटि मीटर. म्हणून अशा एका लहरीची लांबी सुमारें अकरा मीटर भरे, आणि तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी तार म्हटली तरी ती पावणेतीन मीटर होई. लांबलचक तार गाड्यावर फडकत ठेवावी लागे, आणि शेजारीं दुसऱ्या कोणाचा प्रेषक त्याच कंपनसंख्येवर चालत असला, तर एकाची आज्ञा दुसऱ्याचा गाडा पाळूं लागे! हल्लींचे प्रेषक सेकंदास दोन अब्ज चाळीस कोटि कंपनांच्या लहरी सोडतात. त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि चतुर्थांश अवघा तीन सेंटिमीटर. शिवाय प्रेषक व ग्राहक यांची एकदां ओळख करून दिली म्हणजे दुसऱ्याच्या आज्ञेकडे ग्राहक लक्ष देत नाहीं. मात्र ह्या लहरी धातूच्या बंद पेटींत शिरत नाहींत. म्हणून धड धातूचें असल्यास तारेचें टोंक एखाद्या प्लॅस्टिकच्या झांकणाखालीं आणून ठेवावें.

आज्ञा कशी पोंचते? ग्राहकाकडून वेगनियंत्रकाकडे सेकंदांतून साधारण पन्नास वेळां विजेचा एकेक ठोका जातो. ठोका दीड मिलिसेकंद टिकला तर ‘थांब’ असा अर्थ. दोन मिलिसेकंद टिकला तर ‘पूर्ण वेगानें पुढें’, आणि एक मिलिसेकंद टिकला तर ‘पूर्ण वेगानें मागें’. मधल्या कालावधीस मधला वेग. एका दांडीनें पुढें जाण्याची आज्ञा व दुसरीनें वळण्याची आज्ञा दिली असतां दोहोंचें मिश्रण करावें लागतें. पुढील गति ४५ व वळण ५ असेल, तर एका पट्ट्यास दोहोंची बेरीज ५०, व दुसऱ्यास वजाबाकी ४०. मागें सांगितलेलें चारपंचमांश प्रमाण तें हेंच. वळणाची आज्ञा पुढील गतीच्या एकनवमांशाहून अधिक होऊं द्यावयाची नाहीं, एवढी मर्यादा प्रेषकांत घालून ठेवली कीं गाडा शेरमनसारखा वळूं लागतो. वर्गांत बीजगणिताचें समीकरण फळ्यावर कोरडें वाटतें. येथें तें जमिनीवर वळतांना दिसतें.

विद्युत्-घटांविषयीं एक सूचना केलीच पाहिजे. लिथियम जातीचे घट हलके व जोमदार असतात, परंतु अधिक भरले गेल्यास किंवा चेपले गेल्यास पेट घेतात. ते भरत असतांना मोठें माणूस जवळ असावें, घट लांकडी टेबलावर न ठेवतां मातीच्या किंवा फरशीच्या पृष्ठावर ठेवावेत, आणि घटाच्या तोंडाशींच एक फ्यूज बसवावा.

४. बारकावे

गाडा चालूं लागला म्हणजे काम अर्धें झालें. आतां उरलें तें त्याचें अंग. एकास सोळा हें प्रमाण इतकें मोठें आहे कीं, मूळ गाड्यावरील बोटभर खिळाही येथें डोळ्यांस दिसतो. म्हणून जें लहान प्रमाणांत खपून जातें, तें येथें खपत नाहीं.

एम-४ चें धड लाटीव पोलादी पत्रे झाळून जोडलेलें असे, आणि बुरूज ओतीव असे. ह्या दोहोंचा स्पर्श भिन्न. पत्रा सपाट व कडा सरळ. ओतीव भाग किंचित् खडबडीत व कोपरे गोलसर. पत्र्यांच्या सांध्यावर झाळीची रेघ असते. ती दाखविण्यासाठीं दोन भागांचें लुकण मळून त्याची दोऱ्याएवढी बारीक वळी करावी, सांध्यांत बसवावी, आणि ओली असतांनाच बोथट सुईनें जवळजवळ दाबीत जावें. ओतीव पृष्ठासाठीं पातळ लुकण राठ कुंच्यानें टिपून लावावें व वाळल्यावर कांचकागदानें हलकेंच घासावें. खरें ओतीव पोलाद कसें दिसतें हें पाहावयाचें असल्यास फार दूर जावयास नको. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचें अहमदनगर, येथें १९९४ मध्यें स्थापन झालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे; तेथील सेंचुरियनच्या ओतीव बुरुजाकडें घटकाभर पाहिलें असतां जें कळेल, तें दहा छायाचित्रांवरून कळणार नाहीं.

उचलण्याच्या कड्या, दांड्या व दिव्यांचे पिंजरे पितळेच्या तारेचे करावे. मूळची दांडी सोळा मिलिमीटर जाड असेल, तर तार एक मिलिमीटरची. झांकण उघडें दाखवावयाचें असल्यास त्याची कड मुद्दाम पाहावी : कवचाचें झांकण जाड असतें, आणि सांच्यांतून निघालेलें प्लॅस्टिकचें झांकण पुष्कळदां पापुद्र्यासारखें असतें. तेथें जाडी वाढविलीच पाहिजे, नाहींतर तो रणगाडा न दिसतां बिस्किटांचा डबा दिसेल.

परंतु बारकावे म्हणजे केवळ वस्तूंची भर नव्हे. प्रत्येक बारकाव्यामागें एक कारण असतें, आणि तें कारण ठाऊक नसेल तर बारकावा कोठें लावावा व कोठें लावूं नये हें कळत नाहीं. ह्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे शेरमनच्या कुशींवर झाळलेल्या तीन पट्ट्या. पुष्कळ गाड्यांच्या धडावर उजव्या बाजूस दोन व डाव्या बाजूस एक अशा सुमारें पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या वरून जोडलेल्या दिसतात. प्रतिकृतींत त्या दीड मिलिमीटर पत्र्याच्या करावयाच्या. कापण्यास पाव घटका पुरे. पण त्या तेथेंच कां? कारण त्यांच्या मागें, आंतल्या बाजूस, तोफेचे गोळे ठेवण्याच्या पेट्या होत्या. शत्रूचा गोळा कवच भेदून तेथें पोंचला कीं दारू पेटे, आणि कांहीं क्षणांत गाड्याची भट्टी होई. अनुभवानें हें कळल्यावर त्या जागीं हें ठिगळ लावण्यांत आलें. पुढें १९४४ च्या आरंभापासून नव्या रचनेच्या गाड्यांत गोळे तळाशीं, पाणी व ग्लिसरीन यांच्या मिश्रणानें वेढलेल्या पेट्यांत ठेवूं लागले. अमेरिकन सैन्यानें १९४५ मध्यें केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, जुन्या रचनेचे गाडे कवच भेदलें गेल्यावर शेंकडा ६० ते ८० पेटत, आणि नव्या रचनेचे शेंकडा १० ते १५. म्हणून नव्या धडावर त्या तीन पट्ट्यांचें कामच उरलें नाहीं, आणि तेथें त्या लावणारा कारागीर शोभेसाठीं इतिहास खोटा करतो.

दुसरें उदाहरण बुरुजाच्या छतावरील झांकणाचें. आरंभींच्या बुरुजास एकच मोठें झांकण, नायकाच्या डोक्यावर. गोलंदाज त्याच्या पुढें बसे. तोफ भरणारा मात्र तोफेच्या पलीकडे, डाव्या बाजूस उभा असे. गाडा पेटला तर त्यानें तोफेच्या मागील अरुंद जागेंतून वांकून येऊन, इतर दोघांच्या मागाहून, त्याच एका वाटेनें बाहेर पडावयाचें. १९४३ च्या अखेरीस त्याच्या डोक्यावर स्वतंत्र लंबगोल झांकण देण्यांत येऊं लागलें. प्रतिकृतींत हें झांकण अंगठ्याच्या टोंकाएवढें असतें. १९४३ च्या मध्यावरील गाडा करावयाचा असेल तर तें नसावें. १९४५ मध्यें कारखान्यांतून निघालेला गाडा असेल तर तें असावें. एका लहानशा झांकणाच्या असण्या-नसण्यांत एका माणसाच्या जीविताचा प्रश्न सांठवलेला आहे, हें ज्याला ठाऊक आहे, तो तें झांकण निष्काळजीपणानें कधींही चिकटवणार नाहीं.

ह्यावरून एक नियम काढतां येतो. प्रतिकृति ‘एका शेरमनची’ करूं नये. अमुक प्रकारच्या, अमुक वर्षाच्या, अमुक आघाडीवरील शेरमनची करावी. ज्याला ब्रह्मदेशांतील गाडा करावयाचा असेल, त्यानें एम-४-ए-४ ह्या प्रकाराचा मुद्दाम अभ्यास करावा. हे गाडे तेथें होते. त्यांत पांच मोटार-इंजिनें एकत्र बांधून केलेलें तीस नळकांड्यांचें इंजिन असे. तें मोठें असल्यामुळें धड लांब झालें, चाकें दूरदूर गेलीं, आणि पट्ट्याच्या कड्या ७९ ऐवजीं ८३ झाल्या. प्रतिकृतींत लांबीचा फरक एका सेंटिमीटराहून किंचित् अधिक. पण कड्या मोजणाराच्या नजरेंतून तो सुटत नाहीं. इंजिनाचा आवाज ध्वनियंत्रांतून काढावयाचा असेल तर तोही निराळा हवा. कारण एम-४ चें इंजिन नऊ नळकांडीं चक्राकार मांडलेलें, विमानाच्या जातीचें होतें.

५. रंग, धूळ व गंज

अंग पुरें झाल्यावर रंग. प्रथम पातळ अस्तर द्यावें म्हणजे रंग धरतो व सांध्यांतील दोष दिसतात. मूळ रंग मळकट हिरवा. परंतु डबींतील रंग तसाच दिला तर प्रतिकृति काळवंडलेली दिसते. एक मीटरावरून पाहिलेली प्रतिकृति म्हणजे सोळा मीटरांवरून पाहिलेला गाडा. मधल्या हवेमुळें दूरची वस्तु किंचित् फिकट दिसते, म्हणून रंगांत थोडा फिकटपणा मिसळावा. नंतर तपकिरी तैलरंग पुष्कळ पातळ करून खांचांत सोडावा, आणि शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंच्यानें कडांवरून फिकट रंगाचा हात फिरवावा.

गंजाच्या बाबतींत हात आंखडता ठेवावा. युद्धांतील गाडा रंगविलेला असे व सतत चालत असे. त्याला वर्षानुवर्षें गंजत पडण्यास वेळच मिळत नसे. धूर निघण्याच्या नळ्या गंजतात, कारण तेथील उष्णतेनें रंग जळून जातो. पट्ट्यांवर मात्र विचार करावा : शेरमनच्या कित्येक पट्ट्यांच्या कड्यांवर रबराचे ठोकळे असत, आणि रबर गंजत नाहीं. रंग झिजतो तो जेथें माणसांचे पाय व हात लागतात तेथें : चढण्याच्या वाटेवर, झांकणांच्या कडांवर, अवजारांच्या आसपास. अशी झीज दाखवितांना गाड्यावर माणूस कसा चढत असेल हें मनांत आणावें, आणि त्याच्या पावलामागून कुंचला न्यावा.

धूळही देशपरत्वें बदलते. मेक्टिला हें मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यांत आहे, आणि तेथील लढाई उन्हाळ्याच्या तोंडीं झाली. ब्रह्मदेश म्हणतांच दाट जंगल व ओला चिखल डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ह्या लढाईंतील गाड्यावर हवी ती कोरडी, फिकट धूळ. ती लावतांना प्रमाण विसरूं नये. एक मिलिमीटरचा वाळूचा कण खऱ्या गाड्यावर सोळा मिलिमीटरच्या खड्याएवढा होईल. म्हणून अंगणांतील माती तशीच न लावतां रंगाची अत्यंत बारीक भुकटी वापरावी.

६. ह्यापासून काय शिकावें

विद्यार्थिमित्रहो, अशी प्रतिकृति घडविण्यास खर्च बराच येतो, आणि प्रत्येकास तो साधेल असें नाहीं. परंतु ह्या छंदाचें सार खर्चांत नाहीं. पुठ्ठा, तार व लुकण यांनींही तें साधतां येतें. एक वही करावी व तिच्या पानावर तीन रकाने आंखावे. पहिल्यांत वस्तूचें नांव लिहावें, दुसऱ्यांत तिचें माप, आणि तिसऱ्यांत ती तेथें कां आहे तें कारण. तिसरा रकाना रिकामा राहील तोंवर ती वस्तु गाड्यावर लावूं नये. हा नियम पाळणाराच्या हातून काम हळू होईल. पण तें करतांना त्याला गणित, पदार्थविज्ञान व इतिहास हे तिन्ही विषय एकाच टेबलावर भेटतील.

रणगाडा हें संहाराचें यंत्र आहे, तेव्हां त्याची प्रतिकृति करून कोणता लाभ, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. नुसती धांव, आवाज व धूर यांसाठीं ती केली, तर लाभ थोडा. परंतु कुशीवरील त्या तीन पट्ट्या व छतावरील तें लंबगोल झांकण ज्यानें कारण समजून घेऊन बसविलें, त्याला युद्ध हा खेळ वाटणार नाहीं. पोलादाच्या त्या पेटींत पांच माणसें होतीं, आणि गाड्याच्या अंगावरील एकेक ठिगळ त्यांच्यासारख्याच कोणी मरण पावल्यानंतर लावलें गेलें, हें त्याच्या हातांना ठाऊक झालेलें असतें.